तिसरी पायरी

"पायरी म्हणू नका गो. पायरी म्हटली की पोरां पाय घालतलीं."

पद्मावतीकाकी हे म्हणाली तेव्हा आम्ही सोप्यावर बसलो होतो. काकी म्हणजे साईशची चुलती. कारापूरला आमच्या घराला लागूनच तिचं घर आहे, आणि साईश काही वाचू लागला की ती हातातलं काम घेऊन आमच्याकडे येऊन बसते. त्या दिवशी ती आदोळीवर नारळ खोवत होती. साईश, माझा नवरा, आपल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचत होता आणि मी मुद्रितावर खुणा करत होते.

"काकी, पुस्तक वाचून कोण खाणीत उतरतो?" मी म्हटलं.

"तू नाही उतरणार. तू शिकलेली. पोर आयकता आणि चलायला लागता."

"आधी पुस्तक खपू दे, काकी," साईश म्हणाला, "मग पोरं उतरू देत." आम्ही सगळेच हसलो. काकीही हसली आणि खोबऱ्याचा चुरा कडेला सारून पुढचा नारळ फोडायला घेतला.

साईश खाण अभियंता. सुर्ल्याच्या एका खाणीवर तो नोकरीला होता. खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याच्याबरोबरचे काही जण ओडिशाला गेले, काही आखातात. साईश गणिताच्या शिकवण्या घेऊ लागला आणि दुपारच्या मोकळ्या वेळात लिहू लागला. पहिली गोष्ट त्याने खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपवाल्यावर लिहिली. ती एका दिवाळी अंकात आली आणि घरात कुणाला कळायच्या आत तो लेखक झाला.

पण लिहितो तो इंजिनिअरसारखंच. आधी जागेचा काटछेद काढतो, कुठून किती उतार ते ठरवतो, मग माणसं आत सोडतो. वाचताना माझा श्वास भलत्या जागी अडला तर म्हणतो, "या वाक्यावर लोड जास्त झालाय," आणि वाक्य तोडतो. नकाशाच्या कोपऱ्यात दुरुस्त्यांसाठी जागा सोडायची असते म्हणे. तशी ती त्याने पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही सोडली: 'मापात किंवा तपशिलात चूक आढळल्यास कृपया कळवा.' खाली फोन नंबर होता, माझा. लिहिताना तो स्वतःचा फोन बंद ठेवतो.

मुलांसाठीचं हे त्याचं पहिलंच पुस्तक. दोन भावंडं बंद खाणीच्या तळाशी गडप झालेला गावचा झरा शोधायला निघतात, अशी गोष्ट. आमच्याकडची लोखंडाची खाण म्हणजे उघडा, प्रचंड खड्डा. तो सरळ खाली खणत नाहीत, टप्प्याटप्प्याने खणतात. प्रत्येक टप्प्यावर एक सपाट पट्टा राहतो, त्याला खाणीवर बेंच म्हणतात. एका बेंचवरून खालच्या बेंचवर जायला मधे दुमजली घराएवढा कडा असतो. संपादकांनी कळवलं की मुलांना बेंच म्हटलं की वर्गातला बाक आठवेल, मराठी शब्द द्या. साईशने पायरी हा शब्द दिला. त्याबरोबर त्याने एक आकृती दिली होती, तिच्यात कड्याची उंची मीटरमध्ये लिहिली होती. गोष्टीच्या पुस्तकात आकृती कशाला, म्हणून ती गळाली. शब्द तेवढा राहिला. पुस्तकातली मुलं सात पायऱ्या उतरून झऱ्यापर्यंत पोचतात.

फोन आला तेव्हा चतुर्थीची सुट्टी चालू होती. साईश पेडण्याला गेला होता, तिथल्या एका वाचनालयात मुलांशी गप्पांचा कार्यक्रम होता. मी आमच्या शर्वाणीला पेज भरवत होते. ती तीन वर्षांची आहे. तिच्या पायात मी घुंगरांचे वाळे घातले आहेत. ते कानांना गोड लागतात म्हणून घातलेले नाहीत. आमच्या मागच्या दारी विहीर आहे.

नंबर ओळखीचा नव्हता.

"हॅलो, पुस्तकात चूक हाय," पलीकडून लहान, बारीक आवाज आला. "चूक असली तर सांगा म्हणून लिवलंय, म्हणून सांगतोय."

मला हसू आलं. एरवी असे फोन निवृत्त शिक्षकांचे येतात, ऱ्हस्व-दीर्घाबद्दल.

"सांग की. कुठल्या पानावर?"

"पान न्हाई. पायऱ्या सात लिवल्यात. हितं दोनच हायत."

पेजेचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला.

"इथं म्हणजे कुठं रे?"

"खाणीवर आलोय. पुस्तकातलं पिवळं मशीन हाय बघा, त्यात झाड उगवलेलं. ते बरोबर लिवलंय. पायऱ्याच चुकल्यात."

ते मशीन मी पाहिलं होतं. सुर्ल्याच्या बंद खाणीच्या काठावर एक जुनी पोकलेन गंजत पडली आहे, तिच्या केबिनमधून रुमडाचं, म्हणजे उंबराचं, झाड वर आलं आहे. साईशने ती जशीच्या तशी पुस्तकात उचलली होती. आणि भाद्रपदात त्या खाणीत पाणी कुठवर असतं तेही मला ठाऊक होतं. खालचे पाच बेंच पाण्याखाली जातात.

"तू आता कुठे उभा आहेस, बाळा? वर की खाली?"

"वरच. मगाशी एक उतरून आलो. लई मोठी पायरी हाय. पावसानं घळ पडलीय, तिच्यातनं बसून बसून उतरलो. आता दुसरी बघतो. तिसरी पाण्यात असंल, पायाला लागंल."

"नको," मी म्हटलं. ओरडायचं नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ओरडले तर फोन ठेवून देईल. "ऐक. पुस्तक लिहिणारे सर आहेत ना, ते स्वतः येणार आहेत मोजायला. चूक सापडली की ते येतातच. ते येईपर्यंत तू वरच थांब. मशीनजवळ बस."

"खरंच येत्यात?"

"येतात. तुझं नाव काय? त्यांना सांगते."

"नाव कशाला? चूक सांगायला नाव लागतंय?"

"घरी कोण आहे?"

"आई कामावर गेलीया. तिचा फोन घिऊन आलोय. तिला सांगू नका हां." मग घाईघाईने, "च्यार्जिंग संपाय आलंय. सरांना म्हणावं लौकर—"

मी पुन्हा लावला. बंद. परत लावला. बंद. घरात काहीच आवाज नव्हता, आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की वाळेही वाजत नाहीत. मी मागच्या दाराकडे धावले. शर्वाणी ओट्यावर बसून पायाच्या बोटांना पेज भरवत होती.

तिला काखेत घेऊनच मी शांतारामला फोन केला. शांताराम साईशबरोबर त्याच खाणीवर फोरमन होता. आता सुर्ल्याच्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान आहे.

"वयनी, भूत बघितल्यासारखी बोलतंस. काय झालं?" तो नेहमीसारखा चेष्टेवर आला.

मी सांगितलं. एक मुलगा, दहा-अकरा वर्षांचा असेल, एकटा, आपल्या जुन्या खाणीवर, पाण्याच्या काठाला. शांतारामची चेष्टा तिथल्या तिथे थांबली. "गेलो," एवढंच म्हणाला. मागोमाग मी अग्निशामक दलाला फोन केला. त्यांनी विचारलं, मुलगा की मुलगी. मुलगा, मी सांगितलं. कपडे? माहीत नाहीत. गाडी निघते म्हणाले.

मग साईश. रिंग वाजून वाजून थांबायची. कार्यक्रमात फोनचा आवाज बंद करून तो खिशात ठेवतो. मी मेसेज टाकले. काखेतली शर्वाणी फोन ओढत होती. भिंतीपलीकडून माझा आवाज ऐकून पद्मावतीकाकी आली, काही न विचारता तिला माझ्याकडून घेतलं आणि दारात उभी राहिली. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. पायरी या शब्दाबद्दल आपण काय म्हटलं होतं ते काकीला आठवलं असणारच. ती ते तोंडातून काढेना, आणि मला ते बोललेल्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं.

शांतारामचा फोन आला. मागे वारा सुटल्यासारखा आवाज येत होता.

"वयनी, मशीनकडे पोचलंय. आम्ही तिघे आसा. पोरगो खंयच ना. काठाने बघितलं, पाण्यात बघितलं. हाका मारल्या."

"कोणीच नाही?"

"एक चली बसलीहा मशीनच्या सावलीत, ल्हान पोरगी. तिका विचारलं, पोरगो बघितलंस काय गे, तर नाही म्हणता. चुकून पलीकडच्या खाणीर गेलो आसतलो. दोन्ही लागून लागून. थंय जातंय."

"जा, लवकर जा," मी म्हटलं.

मी पाठवलं त्याला. पलीकडच्या खाणीला जायला डंपला, म्हणजे खणलेल्या मातीच्या त्या डोंगराला, पूर्ण वळसा घालावा लागतो.

तेवढ्यात साईशचा फोन आला. मागे मुलांचा गलका होता, मग दार लोटल्याचा आवाज, मग शांतता.

मी भराभर सांगत सुटले. त्याने मला मधेच थांबवलं.

"तो काय म्हणाला? शब्द सांग. जसेच्या तसे."

"आता शब्द कसले, साईश? तू निघ तिथून."

"निघालोय, जिन्यावर आहे. सांग गो."

"खाणीवर आलोय म्हणाला. एक उतरून आलो. बसून बसून उतरलो. आई कामावर गेलीया, तिचा फोन घिऊन आलोय."

तो जिन्यावर थांबला असावा. पावलं वाजायची बंद झाली.

"आवाज?"

"बारीक. लहान पोराचा असतो तसा."

"सुविधा, 'गेलीया' म्हणाला ना? घिऊन? कोल्हापूरकडचं आहे ते. तिकडच्या मुली 'मी आलो, मी उतरलो'च म्हणतात. आमच्या पंपावर हरी होता, गडहिंग्लजचा. त्याची बायको डबा घेऊन यायची आणि म्हणायची, 'मी जेवलो.' मीसुद्धा पहिल्यांदा वळून बघितलं होतं, कोण पुरुष बोलला म्हणून." त्याचा आवाज बदलला. "ती मुलगी आहे. शांतारामला सांग, मुलगी शोध."

मशीनच्या सावलीत बसलेली. सरांची वाट बघत बसलेली. आणि आम्ही तिलाच विचारलं, मुलगा पाहिलास का?

शांताराम फोन उचलेना. त्या बाजूला, डंपच्या आड, रेंज जाते. मी लावत राहिले. लागला तेव्हा मी नीट बोलूही शकले नाही.

"चली," मी म्हटलं. "तीच. मशीनकडची. ती मुलगीच आहे ती."

"खंयची?" मग त्याला कळलं. "देवा," तो म्हणाला, आणि स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. फोन त्याने बंद केला नव्हता. खिशात टाकला असावा. मी कानाला लावून ऐकत उभी राहिले. इंजिन, खडी, कुणाचा तरी कोकणीतला शब्द, परत इंजिन. काकीने शर्वाणीला ओट्यावर ठेवलं आणि माझा मोकळा हात धरला. तिच्या हाताला खोबऱ्याचा वास होता.

मग इंजिन थांबलं. बराच वेळ नुसता वारा. मग लांबून शांताराम कुणाला तरी सांगत होता, "हलू नको. हलू नको गे बाय. सर येतात. सर येतात हां. तू हलू नको."

आणि फोन कापला गेला.

पुढचं मला शांतारामने नंतर सांगितलं. मशीनपाशी कोणी नव्हतं. काठावर दोन चपला होत्या, एकमेकींना लागून, देवळाबाहेर काढाव्यात तशा. मुलगी दुसऱ्या पायरीच्या अगदी कडेला बसली होती, एका हाताने गवताचा झुबका धरून, आणि एक पाय मांडीपर्यंत पाण्यात सोडून तिसरी पायरी चाचपत होती. खालची माती शाडूसारखी बुळबुळीत. तिसरी पायरी त्या पाण्याखाली दोन माणसं एकावर एक उभी केली तरी पायाला लागली नसती. शांतारामने टिपरवर ताडपत्री बांधायचा दोर कंबरेला बांधला, वरून दोघांनी धरला, आणि तो त्याच घळीतून बसून बसून उतरला. अग्निशामक दलाची गाडी आली तोवर मुलगी वर होती.

मला राहवेना. शर्वाणीला काकीजवळ ठेवून मी शेजारच्यांच्या गाडीने सुर्ल्याला गेले. शांतारामच्या दुकानात, एका आडव्या टाकलेल्या टायरवर, ती चहात पाव बुडवून खात होती. नाव पूनम. अंगात ओला फ्रॉक, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत साईशचं पुस्तक. बाप टिपरची दुरुस्ती करायचा, आई रंजना काजूच्या कारखान्यात. जूनमध्येच गावाहून आलेले. इथल्या मुलांना जन्मल्यापासून सांगितलेलं असतं की खाणीच्या काठाला जायचं नाही. हिला ते कोणी सांगितलं नव्हतं. या गावाबद्दल तिला जे ठाऊक होतं ते शाळेच्या कपाटातल्या एका पुस्तकातून.

"तुला थांब म्हटलं होतं ना मी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती माझा आवाज ओळखून वर बघायला लागली. "थांबलो की. ही माणसं आली, त्यांनी पोरगा इचारला. सर आलेच न्हाईत. म्हणून मीच मोजाय गेलो."

रंजना कारखान्यातून धावत आली. फ्रॉकचा ओला घेर दोन्ही हातांनी पिळत राहिली, पाणी गळायचं थांबलं तरी पिळत राहिली.

साईश पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. पूनमने त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सर, बाकीच्या पाच कुठं हायत?"

तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. तांबड्या मातीत काडीने खाणीचा काटछेद काढला. पुस्तकातून गळालेली तीच आकृती. एकेका पायरीशेजारी त्याने माणूस काढला, काडीएवढा, म्हणजे उंची कळावी. पाण्याची रेघ मारली. "या पायऱ्या नाहीत," तो म्हणाला. "मी चुकीचा शब्द लिहिला. हे कडे आहेत. यांवरून कोणी उतरू शकत नाही, मीसुद्धा नाही. आम्ही गाडीरस्त्याने फिरून खाली जायचो."

पूनम त्या आकृतीकडे बघत राहिली. मग तिने मान डोलावली, शहाण्यासारखी.

"मंग हितं न्हाईत म्हणा की. दुसरीकडं असतील."

सगळे हसले, सुटका झाल्यावर माणसं हसतात तसे. मीही हसले असेन.

साईशने त्यानंतर बरेच दिवस काही लिहिलं नाही. प्रकाशकाला सांगून उरलेल्या प्रती थांबवल्या. नव्या छपाईसाठी शब्द अडला तेव्हा तो स्वतःहून काकीकडे गेला. "दरड म्हण," काकी म्हणाली. "दरडीत कोण पाय घालतलो?" आता पुस्तकात दरड आहे, आणि तिच्याशेजारी आकृती आहे, काडीएवढ्या माणसासकट. पण हल्ली तो एखादं प्रकरण वाचून दाखवतो आणि माझ्याकडे न बघता शर्वाणीकडे बघतो, ती कुठल्या शब्दाला उठून चालायला लागेल ते ताडत असल्यासारखा.

नवी प्रत द्यायला आम्ही दोघं सुर्ल्याला गेलो. जुनी परत घ्यायची होती. खोलीला कुलूप. शेजारी राहणाऱ्या बेळगावच्या बाईने सांगितलं, इथलं काम कमी झालं, ते पेडण्याकडे गेले. तिकडे बांधकामं खूप चालू आहेत. गाव कुठलं ते तिला माहीत नव्हतं. रंजनाचा नंबर बंद आहे. साईशने पेडण्याच्या शाळांत विचारलं, शांतारामने टिपरवाल्यांना विचारलं. अजून पत्ता नाही. पुस्तक तिने बरोबर नेलं आहे.

मी हे लिहिते आहे ते पेडण्यातल्या तुमच्यासाठी. तुमच्याकडे लोखंडाच्या खाणी नाहीत, चिरेखाणी आहेत. घरं बांधायला चिरे कापून नेले की जो चौकोनी खड्डा उरतो त्याच्या कडेला खरोखरच्या पायऱ्या असतात, एका चिऱ्याएवढ्या उंचीच्या, सरळ कापलेल्या, मुलाला बसून बसून सहज उतरता येतील अशा. त्या थेट पाण्यात जातात. मोजल्या तर सात भरतीलही.

तुमच्या वाड्यावर, एखाद्या नव्या इमारतीजवळच्या पत्र्याच्या खोल्यांत, कोल्हापूरकडचं कुटुंब राहायला आलं असेल, तर तिथे एकदा जाऊन या. दहा-अकरा वर्षांची पूनम. मुलगा आहे का असं विचारू नका. 'मी आलोय' म्हणणारी मुलगी आहे का, असं विचारा. आणि ती घरी नसेल, तर आई कामावरून येईपर्यंत थांबू नका. आधी चिरेखाणीवर बघून या.